मणके जुळले की नाही, हे कसे ठरवतात? फ्युजन शस्त्रक्रियेनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमरेच्या मणक्यांची फ्युजन शस्त्रक्रिया (दोन किंवा अधिक मणके हाडाने एकमेकांना कायमचे जोडणे) झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतून ही प्रश्नावली तयार केली आहे. ‘हाड जुळले का?’ आणि ‘मी बरा झालो का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढील बहुतेक उत्तरे या फरकावरच उभी आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जिथे विषय दुसरीकडे आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्क्रू आणि रॉड ऑपरेशनच्या दिवशीच बसवले. मग अजून जुळायचे काय राहिले?

स्क्रू आणि रॉड म्हणजे फ्युजन नव्हे. स्लॅब ओतल्यावर तो पक्का होईपर्यंत खाली सेंटरिंग लावून ठेवतात, तसे त्यांचे काम असते. सर्जन मणक्यांचा पृष्ठभाग खरवडून ताजा करतात, तिथे हाडाचा ग्राफ्ट, म्हणजे नवे हाड उगवण्यासाठी आधार देणारे हाडाचे तुकडे, ठेवतात आणि धातूच्या आधाराने दोन्ही मणके स्थिर करतात. त्यानंतर एका मणक्यापासून दुसऱ्यापर्यंत जिवंत हाडाचा पूल बांधण्याचे काम शरीर करते, आणि तो पूल पूर्ण झाला म्हणजेच फ्युजन झाले. ही शस्त्रक्रिया १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी यांनी स्वतंत्रपणे सुरू केली. आल्बी यांनी मणक्याच्या टीबीसाठी नडगीच्या हाडाचा तुकडा वापरला होता. आजच्यासारखे स्क्रू आणि रॉड तेव्हा नव्हते, तरीही मणके जुळत असत. धातूमुळे जुळण्याची शक्यता वाढते. पण हाड आलेच नाही, तर सतत भार झेलून थकलेला धातू कालांतराने सैल होतो किंवा तुटतो.

२. जुळायला किती काळ लागतो?

पहिल्या काही आठवड्यांत ग्राफ्टभोवती सूज येते आणि नव्या रक्तवाहिन्या शिरतात. त्यानंतरच्या महिन्यांत कच्चे हाड तयार होते आणि पुढे ते भाराच्या दिशेने पुन्हा घडवले जाते. तीन महिन्यांच्या सुमारास एक्स-रेत सुरुवातीच्या खुणा दिसू शकतात. सहा महिन्यांनी बऱ्याच रुग्णांत चित्र आशादायक असते, मात्र निर्णय सहसा एका वर्षानंतरच्या तपासणीवर घेतला जातो. काहींत हाड दुसऱ्या वर्षातही पक्के होत राहते. त्यामुळे चौथ्या महिन्यात अहवालावर ‘फ्युजन अपूर्ण’ असे लिहून आले, तर ती वाईट बातमी नाही. त्या टप्प्यावर ते अपूर्णच असायला हवे.

३. माझे दुखणे पूर्ण थांबले आहे. म्हणजे हाड जुळले, असे धरायचे का?

तसे धरता येत नाही, आणि दुखत असेल तर जुळले नाही असेही म्हणता येत नाही. हाड न जुळलेल्या अनेक रुग्णांना काहीच त्रास नसतो. नसांवरचा दाब निघाल्यामुळे पायाची कळ थांबते, धातू मणक्यांना स्थिर ठेवतो, आणि काही वेळा हाडाऐवजी तंतूंची दाट पट्टी तयार होऊन ती पुरेसा आधार देते.

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात मणका पुढे सरकलेल्या आणि नसांची वाट अरुंद झालेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. स्क्रू बसवलेल्या गटात ८२ टक्के रुग्णांचे हाड जुळले, स्क्रू न बसवलेल्या गटात ४५ टक्के रुग्णांचे. दोन वर्षांनी मात्र रुग्णांच्या बरे वाटण्यात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. गोष्ट इथेच संपली असती, तर जुळणे-न जुळणे तपासण्याची गरजच उरली नसती. पण स्क्रू न बसवलेल्या अशा रुग्णांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. हाड पक्के जुळलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्णांचा परिणाम चांगला किंवा उत्तम होता, न जुळलेल्यांत हेच प्रमाण ५६ टक्के होते. सुरुवातीची वर्षे न जुळलेले हाड निभावून नेते, पुढे नेईलच असे नाही.

४. तपासणीची तारीख दूर आहे. कोणत्या लक्षणांसाठी थांबू नये?

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जननेंद्रियांभोवतीची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना हरपणे, किंवा पायात नव्याने कमजोरी येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी तातडीच्या विभागात जावे. ताप, जखमेतून स्राव आणि रात्री झोपू न देणारी वाढती पाठदुखी यांसाठीही लगेच डॉक्टरांना गाठावे. इथे प्रश्न हाड जुळण्याचा नसून नसांचा किंवा संसर्गाचा असतो.

५. प्रत्येक भेटीत साधा एक्स-रे काढतात. त्यात डॉक्टर काय पाहतात?

समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत मणक्यांची रेषा, केजची (दोन मणक्यांमध्ये चकतीच्या जागी बसवलेल्या पोकळ ठोकळ्याची) जागा, स्क्रू आणि रॉड शाबूत आहेत की नाहीत, आणि दोन मणक्यांमध्ये हाडाची सलग पांढरी पट्टी दिसते का, हे पाहतात. बाजूच्या एक्स-रेत केजच्या पुढे हाडाचा पूल दिसला, तर तो चांगला संकेत मानला जातो. केज पीक नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असेल तर तो स्वतः दिसत नाही. त्यात बसवलेले धातूचे बारीक ठिपके किंवा काड्या तेवढ्या दिसतात. ‘माझा केज कुठे गेला?’ असे एक्स-रे हातात धरून विचारणारे रुग्ण कमी नाहीत. तो तिथेच असतो.

साध्या एक्स-रेची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. १९९० च्या दशकात, पाठ पुन्हा उघडलेल्या रुग्णांत एक्स-रेचा निष्कर्ष आणि सर्जनना हाताला व डोळ्यांना जाणवलेली स्थिती यांची तुलना करण्यात आली. दोन्हींचा मेळ साधारण दोन-तृतीयांश वेळाच बसला. बदल टिपण्यासाठी एक्स-रे उत्तम आहे, पण अंतिम निवाड्यासाठी तो कमी पडतो.

६. पुढे आणि मागे वाकवून एक्स-रे काढले. त्यांवरून जुळल्याचे नक्की ठरते का?

या तपासणीत शस्त्रक्रिया झालेल्या दोन मणक्यांमध्ये अजून हालचाल होते का, ते मोजतात. सरकणे ३ मिलिमीटरपेक्षा कमी आणि कोनातला फरक ५ अंशांपेक्षा कमी असेल, तर हालचाल नगण्य धरण्याची पद्धत रूढ आहे. शून्याचा आग्रह न धरता एवढी सूट देण्याचे कारण सरळ आहे. एक्स-रेवर रेषा आखून कोन मोजताना दोन-तीन अंश इकडेतिकडे होतातच, आणि रुग्ण किंचित तिरका उभा राहिला तरी आकडा बदलतो.

या तपासणीत फसगत दोन प्रकारे होते. पहिली धातूमुळे. मजबूत स्क्रू आणि रॉड असताना हाड मुळीच आलेले नसले तरी हालचाल दिसत नाही. हालचाल दिसली तर हाड जुळलेले नाही असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते, पण दिसली नाही म्हणून जुळले, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरी फसगत रुग्णाच्या भीतीमुळे होते. तंत्रज्ञ ‘वाका’ म्हणतो, रुग्ण मान खाली घालतो, खुब्यातून थोडा झुकतो आणि कंबर मात्र ताठ ठेवतो. असे दोन एक्स-रे एकमेकांवर ठेवले तर शस्त्रक्रिया न झालेले मणकेही हललेले दिसत नाहीत. अशा वेळी तपासणी ‘स्थिर’ नव्हे, तर ‘निरुपयोगी’ ठरते. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर सोसेल तितके मनापासून वाकावे, आणि वाकता आले नसेल तर तसे तंत्रज्ञाला नोंदवायला सांगावे.

७. सीटी स्कॅन कशासाठी? त्यात नेमके काय दिसायला हवे?

पाठ न उघडता मिळणाऱ्या पुराव्यांत पातळ छेदांचा सीटी स्कॅन आज सर्वांत विश्वासार्ह मानला जातो. संगणक ते छेद जुळवून बाजूने आणि समोरून पाहता येतील अशी चित्रे तयार करतो. बाजूची चित्रे एकामागून एक सरकवत नेली की वरच्या मणक्याच्या खालच्या कडेपासून केजच्या पोकळीतून किंवा त्याच्या शेजारून खालच्या मणक्यापर्यंत हाडाच्या बारीक जाळीचे धागे अखंड जाताना दिसले पाहिजेत. मध्येच केसाएवढी काळी आडवी रेघ आली, आणि ती छेदामागून छेदात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तशीच राहिली, तर दोन्ही बाजूंनी कितीही हाड वाढलेले असले तरी पूल जोडला गेलेला नाही. उलट काही छेदांत रेघ आणि काहींत सलग हाड असे दिसले, तर पूल अर्धा बांधून झाला आहे. वर्षाच्या आतल्या तपासणीत हे दृश्य नेहमीचे आहे.

पाठीमागच्या बाजूने, म्हणजे मणक्यांच्या आडव्या पंखांवर ग्राफ्ट ठेवला असेल, तर समोरच्या दिशेची चित्रे अधिक कामाची असतात. तिथे दोन्ही बाजूंना जाड, सलग पट्टी दिसणे ही उत्तम स्थिती होय. मागचे छोटे सांधे जुळले आहेत का, हेही सीटीतच नीट कळते.

मग प्रत्येक वेळी सीटीच का काढत नाहीत? कारण किरणोत्सर्ग. कमरेच्या एका सीटीत साधारण ६ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते. माणसाला निसर्गातून जगात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळते, म्हणजे ही दोन-अडीच वर्षांची मात्रा झाली. एका योग्य वेळी काढलेला सीटी नक्कीच समर्थनीय आहे, पण केवळ उत्सुकतेपोटी दर तीन महिन्यांनी तो काढणे समर्थनीय नाही.

८. अहवालात ‘हार्डवेअर इन्टॅक्ट’ असे लिहिले आहे. म्हणजे फ्युजन झाले ना?

नाही. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की स्क्रू, रॉड आणि केज तुटलेले किंवा सरकलेले नाहीत. फ्युजनसाठी अहवालात हाडाच्या पुलाचा, म्हणजे ‘ब्रिजिंग बोन’चा उल्लेख शोधावा. ‘नो डेफिनिट ब्रिजिंग बोन’ म्हणजे खात्रीलायक पूल दिसला नाही. पूल नाहीच, असे ते विधान नाही. ‘इन्कम्प्लीट फ्युजन’ याचा अर्थ शस्त्रक्रियेला किती महिने झाले यावर अवलंबून आहे (प्रश्न २ पाहा). आणखी एक अडचण अशी की, कित्येकदा अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञाकडे शस्त्रक्रियेची तारीख किंवा ग्राफ्टचा प्रकारच पोहोचलेला नसतो. तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत नेले, तर अहवालाचा दर्जा खरोखर सुधारतो.

९. स्क्रूभोवती काळी कडा दिसते, असे सांगितले. ती कसली?

स्क्रू हाडात सूक्ष्म हलत राहिला की त्याच्याभोवतीचे हाड झिजते आणि तिथे काळी कडा दिसू लागते. ती एक मिलिमीटरपेक्षा रुंद असेल आणि दर तपासणीत वाढत असेल, तर स्क्रू सैल झाल्याचा संशय घेतात. सैल स्क्रूमुळे हाड न जुळल्याची शंका बळावते, पण ते सिद्ध होत नाही. ठिसूळ हाडात एखादा स्क्रू सैल होऊनही पूल पूर्ण झालेला आढळतो. कडेसोबत ताप किंवा वाढते दुखणे असेल, तर संसर्गाचा विचार आधी करावा लागतो. तसेच धातूभोवती सीटीच्या चित्रात मुळातच काळे-पांढरे पट्टे उमटतात, त्यामुळे एकाच चित्रावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

१०. एमआरआय, बोन स्कॅन किंवा रक्ततपासणीने हे कळत नाही का?

एमआरआय नसा, मणक्यांमधल्या चकत्या, संसर्ग आणि शेजारचे मणके पाहण्यासाठी उत्तम आहे. हाडाचा पूल पाहण्यासाठी तो दुय्यम ठरतो, कारण धातूमुळे चित्र विस्कटते. बोन स्कॅनमध्ये जिथे हाडाची उलाढाल जास्त, तिथे चमक दिसते. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ, ही चमक स्वाभाविकच असते, म्हणून लवकर केलेला स्कॅन काही सांगत नाही. उशिरा केलेल्या आणि सीटीशी जोडलेल्या स्पेक्ट तपासणीत (बोन स्कॅनचाच त्रिमितीय प्रकार) मात्र एखाद्याच स्क्रूभोवती किंवा केजच्या कडेला ठळक चमक दिसली, तर दुखण्याचे मूळ शोधायला मदत होते. हाड जुळल्याचे सांगणारी रक्ततपासणी नाही. ईएसआर आणि सीआरपी संसर्गासाठी करतात, ड जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (मधुमेहाची तपासणी) या जुळण्यात अडथळा आणणारी कारणे शोधण्यासाठी.

११. एक डॉक्टर जुळले म्हणतात, दुसरे नाही म्हणतात. खरे कोणाचे?

दोघेही प्रामाणिकपणे वेगवेगळे सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. पूर्ण जुळलेले आणि मुळीच न जुळलेले ओळखणे सोपे असते. मतभेद मधल्या रुग्णांबाबत होतात. १९९५ मध्ये सुचवलेल्या ब्रिडवेल श्रेणींमध्ये हे स्पष्ट दिसते. पहिल्या श्रेणीत हाड पूर्ण घडलेले आणि जाळी अखंड असते, दुसरीत ग्राफ्ट शाबूत आहे पण अजून पूर्ण घडलेला नाही आणि काळी रेघही नाही, तिसरीत ग्राफ्टच्या वर किंवा खाली रेघेचा संशय, आणि चौथीत ग्राफ्ट विरघळलेला किंवा खचलेला असतो. दुसऱ्या श्रेणीला एक डॉक्टर ‘जुळले’ म्हणतील, दुसरे ‘जुळत आहे’ म्हणतील. अशा वेळी तिसऱ्या मतापेक्षा आधीच्या आणि आताच्या सीटीची शेजारी शेजारी ठेवून केलेली तुलना जास्त उपयोगी पडते. हाड वाढत आहे की आहे तिथेच थांबले आहे, हे तिथे कळते. निर्विवाद कसोटी एकच, पाठ उघडून प्रत्यक्ष पाहणे, आणि ती केवळ खात्रीसाठी कोणी करत नाही.

१२. दीड वर्ष झाले, सीटीत पूल नाही, पण मला त्रास नाही. पुन्हा ऑपरेशन करावे लागेल का?

बहुधा नाही. त्रास नसलेल्या न-जुळलेल्या मणक्यांवर सहसा नजर ठेवली जाते. एक्स-रेत स्क्रू सैल होत आहेत का, मणका सरकत आहे का किंवा बाक वाढत आहे का, हे ठरावीक अंतराने पाहतात. मधल्या काळात तंबाखू, मधुमेह, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि हाडांचा ठिसूळपणा यांवर उपचार करतात. फेरशस्त्रक्रियेचा विचार दुखणे, अस्थिरता आणि चित्रातला पुरावा हे तिन्ही एकाच पातळीकडे, म्हणजे मणक्यांच्या एकाच जोडीकडे, बोट दाखवतात तेव्हा होतो. चित्रावर शस्त्रक्रिया करू नये, माणसावर करावी, हे मणक्यांच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

१३. जुळल्याचे सीटीत स्पष्ट आहे, तरी कंबर दुखतेच. असे का?

कारण जुळलेला भाग हा दुखण्याच्या अनेक संभाव्य उगमांपैकी एकच आहे. जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या किंवा खालच्या पातळीवर भार वाढून तिथली चकती झिजते, त्रिकास्थीचा (माकडहाडाच्या वरच्या हाडाचा) सांधा दुखू लागतो, नसेभोवती व्रणाचे तंतू तयार होतात, कंबरेचा नैसर्गिक बाक कमी राहिल्याने स्नायू थकतात. आणि कधी मूळ दुखणे त्या पातळीचे नव्हतेच, हे उशिरा उमगते. इथे पुन्हा फ्युजन तपासत बसण्यापेक्षा नव्याने शारीरिक तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

१४. रॉड तुटला आहे, किंवा केज मणक्यात खचला आहे. म्हणजे सगळे फसले का?

दोन्ही गोष्टींना एका तराजूत तोलू नये. तुटलेला रॉड हा न जुळल्याचा जोरदार इशारा असतो, कारण पूल बांधला गेला असता तर रॉडवर इतका ताण आला नसता. तिथे सीटी करावाच. केज मात्र पहिल्या काही महिन्यांत थोडा खचणे बऱ्याचदा आढळते, आणि खचून स्थिरावलेल्या केजभोवती हाड व्यवस्थित जुळते. चिंता तेव्हा, जेव्हा खचणे चालूच राहते किंवा नसेची वाट अरुंद होते.

१५. दात्याचे हाड किंवा बीएमपी वापरले आहे. चित्रे वाचण्यात काही फरक पडतो का?

फरक पडतो, आणि तो दोन विरुद्ध दिशांनी पडतो. दात्याच्या हाडाचा तुकडा पहिल्या दिवसापासूनच पांढरा शुभ्र दिसतो. त्यामुळे त्यात जीव यायच्या आधीच तो जुळल्याचा भास होतो. त्या तुकड्याची सीमा पुसट होऊन जाळी आरपार गेली, तरच विश्वास ठेवावा. बीएमपी हे हाड वाढवणारे प्रथिन असून अमेरिकेत त्याला कमरेच्या पुढून केलेल्या फ्युजनसाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या वापरानंतर सुरुवातीच्या महिन्यांत मणक्याचे हाड तात्पुरते विरघळून पोकळी दिसू शकते. हे चित्र संसर्गासारखे किंवा सैल झाल्यासारखे भासते, पण पुष्कळदा ती पोकळी नंतर भरून येते. ज्यांना बीएमपी वापरल्याचे ठाऊक नसते, अशा तज्ज्ञाच्या अहवालाने रुग्ण विनाकारण हादरतात.

१६. दोन पातळ्यांपैकी एक जुळली, एक नाही. किंवा एकाच बाजूला जुळले. याला काय म्हणायचे?

प्रत्येक पातळीचा हिशेब वेगळा मांडतात. कमरेचा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली सर्वांत खालची पातळी जुळायला अवघड समजली जाते, आणि पातळ्या जितक्या जास्त तितकी एखादी मागे राहण्याची शक्यता जास्त. एका बाजूला जाड, अखंड पट्टी असेल तर दुसरी बाजू कच्ची असूनही ती पातळी पुष्कळदा स्थिर असते. पुढे केजमधून पूल झाला असेल आणि मागचा ग्राफ्ट विरघळला असेल, तरीही ती पातळी जुळलेली मानतात.

१७. तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्यांचा खरोखर इतका परिणाम होतो का?

तंबाखूचा होतो, यात शंका नको. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नव्या हाडाला रक्तपुरवठा कमी पडतो. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत हाड न जुळण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळते. चघळायच्या तंबाखूतही निकोटिन असतेच, त्यामुळे ‘मी सिगारेट ओढत नाही’ हे उत्तर अपुरे आहे. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकांबाबत मुख्य चिंता मोठ्या मात्रेची किंवा दीर्घकाळ घेण्याची आहे, म्हणून त्या सर्जनना विचारूनच घ्याव्यात. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी ते स्वतःहून बंद करू नये, मात्र सर्जनना ते आवर्जून सांगावे.

१८. मानेच्या फ्युजनला हेच निकष लागतात का?

तत्त्व तेच, मापे वेगळी. मानेत वाकून काढलेल्या एक्स-रेत मणक्यांच्या मागच्या टोकांमधले अंतर मोजतात. चित्र दीडपट मोठे करून पाहिल्यावर हा फरक १ मिलिमीटरपेक्षा कमी असावा, आणि वरच्या न जोडलेल्या पातळीवर तो किमान ४ मिलिमीटर असावा, म्हणजे रुग्ण पुरेसा वाकला होता याची खात्री पटते. सीटीत ग्राफ्टच्या आतल्या हाडापेक्षा त्याच्या बाहेरून गेलेल्या पुलावर अधिक भरवसा ठेवतात.

१९. एकदा जुळल्याचे ठरले की पुढे तपासत राहायचे का?

पूर्ण घडलेला हाडाचा पूल सहसा पुन्हा सुटत नाही. अपवाद म्हणजे जोराची पडझड किंवा ठिसूळ हाडात त्या पुलालाच पडलेली भेग. म्हणून त्रास नसताना वर्षानुवर्षे सीटी काढण्याची गरज नाही, आणि केवळ हाड जुळले म्हणून स्क्रू काढण्याचीही नाही. काही वर्षांनी नवे दुखणे सुरू झालेच, तर प्रश्न बहुधा शेजारच्या पातळीचा असतो (प्रश्न १३ पाहा). त्या दिवशी डॉक्टरांना तुलनेसाठी जुन्या सीटीची मूळ चित्रे लागतील. ती सीडीवर किंवा फाइलच्या स्वरूपात जपून ठेवावीत, कारण छापील अहवालातल्या दोन ओळींवरून तुलना करता येत नाही.